आपण कोणाच्या बाजूचे?

गेल्या पावसाळ्यात एका नातलगाच्या महिन्याच्या मिस्सेसाठी आम्ही गोव्यात कुंकळ्ळी गावी गेलो होतो. पावसाची झड लागली होती, वीज गेलेली होती, आणि तेर्स आटोपून घरची मंडळी मेणबत्तीच्या उजेडात जेवणाची वाट पाहत बसली होती. त्या घरी अकरावीत शिकणारी एक मुलगी आहे. एरवी ती फार बोलकी. त्या सायंकाळी मात्र प्रार्थनेतही तिचा आवाज ऐकू आला नाही. "पोटात दुखते काय?" असे आजीने दोनदा विचारले. तेव्हा आजीला उत्तर न देता ती आमच्याकडे वळली व म्हणाली, "अंकल, १५८३ साली आपण कोणाच्या बाजूचे होतो?"

घरात कोणीच बोलले नाही. तिच्या वडिलांनी मेणबत्तीची वात सारखी केली. आई उठून आत गेली. तिचा नऊ वर्षांचा भाऊ काय ते समजून न समजता सर्वांच्या तोंडाकडे पाहू लागला. शेवटी वडील म्हणाले, "चारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी त्या. परीक्षेपुरते वाच व सोडून दे." मुलीने मान हलविली, पण तिने सोडून दिले नाही हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते.

वाचकांपैकी पुष्कळांस त्या सालाची हकीकत ठाऊक असेल. ज्यांस नसेल त्यांच्यासाठी ती येथे देतो, कारण तिच्यावाचून मुलीच्या प्रश्नाची धार कळावयाची नाही.

सासष्टी महाल १५४३ साली पोर्तुगिजांकडे गेला. १५६७ च्या सुमारास तेथील देवळे मोठ्या संख्येने पाडण्यात आली. कुंकळ्ळी, असोळणा, वेळी, आंबेली व वेरोडा ही गावे मात्र सहजासहजी वाकली नाहीत. ती कर देईनात, आणि मोडलेली देवळे पुन्हा उभारीत. त्यांच्यावर फौजी स्वाऱ्या झाल्या, देवळे जाळण्यात आली, आणि त्या स्वाऱ्यांबरोबर येशूसंघाचे काही पाद्रीही गेले होते. यानंतर जुलै १५८३ मध्ये येशूसंघाचे पाच जण कुंकळ्ळीस आले. त्यांचे प्रमुख रुडॉल्फ आक्वाविवा हे १५८० पासून फत्तेपूर शिक्री येथे अकबर बादशहाच्या दरबारी राहून त्याच वर्षी गोव्यास परतले होते. इगर्जीसाठी जागा पाहावी व तेथे क्रूस उभारावा, असा त्यांचा हेतू होता. गावकऱ्यांनी त्यांना घेरले व ठार केले. त्यांच्याबरोबर एक पोर्तुगीज गृहस्थ व चौदा देशी ख्रिस्ती हेही मारले गेले.

पुढे पोर्तुगीज कप्तानाने गावच्या प्रमुखांस बोलणी करावयाची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले. सोळा जण शब्दावर विश्वास ठेवून गेले. त्यांपैकी पंधरांस कोणतीही चौकशी न करता तेथेच ठार करण्यात आले. सोळावा पाण्यात उडी टाकून निसटला व कारवारच्या बाजूस गेला, असे सांगतात. गावांच्या जमिनी सरकारने काढून घेतल्या.

त्या पाच येशूसंघीयांस पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली 'धन्य' म्हणून घोषित केले. पंधरा गावप्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहण्यास २००३ साल उजाडावे लागले. आणि २०२२ साली गोवा सरकारने हा उठाव अकरावीच्या इतिहासात समाविष्ट करण्याचे जाहीर केले.

आता त्या मुलीची अडचण पाहा. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात तिने पाच हुतात्म्यांची गोष्ट ऐकली होती. तीत मारणारे गावकरी हे केवळ 'मारणारे' होते, त्यांची देवळे कोणी जाळली हे त्या गोष्टीत नव्हते. शाळेत तिने पंधरा प्रमुखांची गोष्ट ऐकली. तीत पाच पाद्री हे केवळ परक्या सत्तेचे हस्तक होते, आणि त्यांच्यासोबत मेलेल्या चौदा देशी माणसांचा उल्लेख ओझरता होता. दोन्ही ठिकाणी जे सांगितले ते खोटे नव्हते. दोन्ही ठिकाणी अर्धेच सांगितले होते. हे दोन अर्धे मुलीच्या मनात एकमेकांवर आदळले, आणि ते जोडून देणारे वडीलधारे माणूस घरात कोणी नव्हते. आम्हीही लहानपणी पहिलाच अर्धा ऐकला. दुसरा अर्धा कानी आला तेव्हा आमच्या मिशा पिकू लागल्या होत्या.

मुलांस दुःखद इतिहास प्रथम समजतो तेव्हा त्यांच्या मनात काय होते, याविषयी मोठी माणसे बहुधा चुकीचा अंदाज करतात. त्यांना वाटते, मूल घाबरेल किंवा रडेल. तसे क्वचितच होते. आम्ही सीमाभागातील एका गावी काही वर्षे इतिहास शिकविला आहे, व आमच्या अनुभवात मूल पहिला प्रश्न विचारते तो बाजूचा. क्रिकेटचा सामना चालू असता मध्येच आलेला मुलगा जसा "आपली बॅटिंग आहे काय?" असे विचारतो, तसाच. मुलास जग समजून घेण्याची तीच एक वाट ठाऊक असते. हा प्रश्न वेडगळ नव्हे. पण त्यास जे उत्तर मिळते, त्यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते.

काही मुले हसतात. छळाची किंवा कत्तलीची हकीकत चालू असता मागच्या बाकावरून खुदकन आवाज येतो, आणि शिक्षकाच्या अंगाचा तिळपापड होतो. आम्हीही पूर्वी अशा मुलांस उभे केले आहे. पुढे कळले की ते हसू निर्दयपणाचे नसते. अंगावर काटा येतो आणि तो कोठे ठेवावा हे कळत नाही, म्हणून ते फुटते. काही मुले बारकावे विचारू लागतात: कोणत्या हत्याराने मारले, किती वेळ लागला. त्यांना बारकावे देण्याची गरज नाही. पण त्यांना हाकून देण्याचीही नाही. काही मुले, विशेषतः मुली, जे झाले ते लगेच स्वतःच्या घरात आणून पाहतात. आणि काही मुले एकदम गप्प होतात. शिक्षकास ही मुले शहाणी वाटतात. वस्तुतः त्यांच्याकडेच सर्वांत आधी लक्ष द्यावयास हवे.

यासंबंधी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. सातवीचा वर्ग होता. पोर्तुगिजांचा धडा चालला होता, आणि पाठ्यपुस्तकात नव्हते तेही आम्ही उत्साहाच्या भरात सांगितले. वर्गात चव्वेचाळीस मुले, त्यांत ख्रिस्ती तीन. मधल्या सुट्टीत त्यांतल्या एका मुलास काही पोरांनी 'फिरंगी' म्हणून हाक मारली. दुसऱ्या दिवशीही मारली. आमच्या कानी आले तेव्हा आम्ही हाक मारणाऱ्यांस दरडावले, "पुन्हा असे बोललात तर याद राखा," असे म्हणून पुढचा धडा उघडला, आणि प्रकरण मिटले असे समजलो. त्या मुलाशी आम्ही एक शब्द बोललो नाही. आम्हीही ख्रिस्तीच, आपण त्याची बाजू घेतली तर लोक काय म्हणतील, हा भित्रा विचार मनात नव्हता असे म्हणवत नाही. तो मुलगा त्या वर्षी मागच्या बाकावर जाऊन बसला तो तेथेच राहिला.

पुष्कळ वर्षांनी एका एसटी स्थानकावर तो भेटला. बायकोमुले बरोबर होती. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, त्या दिवशी मी घरी जाऊन बाबांना विचारले होते, आपण पोर्तुगीज आहोत काय? बाबा म्हणाले, अभ्यास कर." हे सांगताना तो हसला. आम्हांस हसता आले नाही. त्या मुलाचे पूर्वज या मातीतलेच. त्यांच्यातल्या कोणी लिस्बन नकाशातदेखील पाहिले नसेल. हे आम्ही वर्गात दोन वाक्यांत सांगू शकलो असतो.

त्याच वर्गातील एक गोष्ट मात्र मनास दिलासा देते. त्या दिवसांत एक मुलगी, हिंदू घरातली, वर्ग सुटल्यावर आमच्या टेबलापाशी घुटमळत राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, तो आता आमच्याबरोबर खेळत नाही." शिक्षकाच्या आधी तिला कळले होते.

गप्प राहणाऱ्या घरात मूल स्वतःच उत्तर तयार करते, आणि ते उत्तर बहुधा आपल्या माणसांस निर्दोष ठरविणारे असते. हे आपल्याकडेच घडते असे नाही. जर्मनीत हिटलरच्या राजवटीचा काळा इतिहास शाळांतून सविस्तर शिकविला जातो. तरीही हाराल्ड वेल्त्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस कुटुंबांतील तीन पिढ्यांशी बोलून २००२ साली 'आजोबा नाझी नव्हते' या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात एक विलक्षण गोष्ट आढळते. आजोबा-आजींनी जे सांगितले होते तेच नातवंडांच्या तोंडी येईपर्यंत बदलून जाई, आणि आजोबा शूर व दयाळू होऊन बसत. शाळेत शिकलेले खरे. पण घरचे माणूस प्रिय. दोन्ही एकत्र नांदेनात म्हणून मुलांनी आजोबांस अलगद बाहेर काढले. यात त्या मुलांचे प्रेम आहे, लबाडी नाही. परंतु प्रेमाने रचलेली खोटी गोष्टही खोटीच असते, आणि पुढच्या पिढीस तीच खरी म्हणून मिळते.

आपल्या घरांत हे दोन्ही दिशांनी घडताना आम्ही पाहिले आहे. काही मुले ठरवितात की पाद्र्यांनी काहीच वाईट केले नाही, हे सारे आपल्याविरुद्ध रचलेले आहे. काही मुले ठरवितात की आपला धर्मच तलवारीच्या धाकाने आला, म्हणून तो आपला नव्हे. आणि तेर्साच्या वेळी ती ओट मिटून बसतात. पहिल्या मुलाचे कौतुक होते व दुसऱ्यास रागे भरतात. दोघेही एकाच ठिकाणी अडकलेले असतात.

इन्क्विझिशनच्या बाबतीत हा गोंधळ अधिकच होतो. गोव्यातील ते धर्मन्यायालय १५६० साली सुरू झाले, १७७४ ते १७७८ ही वर्षे बंद राहिले, व १८१२ साली कायमचे संपले. वर्गात 'ख्रिस्त्यांनी हिंदूंस छळले' एवढे एक वाक्य कानी पडते, आणि ख्रिस्ती मूल मान खाली घालते. हिंदूंस त्या न्यायालयाचा जाच झाला हे खरेच आहे. पण त्याच्यापुढे उभे केले गेलेले असंख्य लोक बाप्तिस्मा घेतलेले होते. पिढीदोनपिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली, तुळस लावणारी, जुन्या रीतीने लग्नाचा विधी करणारी, पुडवे नेसणारी साधी गावची माणसे. १७३६ सालच्या फर्मानात तर मिठावाचून भात शिजविण्यासही मनाई आहे. १५६१ ते १६२३ या काळातील सुमारे ३,८०० खटल्यांची एक सूची आज उपलब्ध आहे. बहुतेक दप्तर पुढे नष्ट करण्यात आले. तेव्हा त्या न्यायासनावर बसलेल्यांत आपले पूर्वज शोधण्याऐवजी समोर उभे असलेल्यांत शोधले, तर ते सापडण्याचा संभव पुष्कळच अधिक. हे मुलास सांगणे म्हणजे चर्चच्या दोषावर पांघरूण घालणे नव्हे. उलट, दोष कोणावर पडला हे त्याने नीट पाहावे, एवढेच.

आणि त्या मातीत दुसरेही काही उगवले. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे आयुष्य सासष्टीत गेले. कुंकळ्ळीत मारले गेलेले त्यांचेच सहकारी. त्याच माणसाने पुढे मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापले गेले. त्याच राज्यात १६८४ साली येथील लोकांची बोली मोडून काढण्याचा हुकूमही निघाला. एकाच राज्यसत्तेच्या छायेत हे दोन्ही. मुलांस हे सांगितले तर ती गोंधळतील असे काही पालक म्हणतात. गोंधळू देत. सोळा वर्षांच्या मुलास हिशेबातील कूटप्रश्न झेपतो, तर हा का झेपू नये?

त्या रात्री आम्ही मुलीस जमेल तसे सारे सांगितले. तिचे वडील प्रथम नाराज दिसले. पुढे तेही खुर्ची ओढून जवळ आले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली, सत्याच्या नावाखाली वापरलेल्या जबरदस्तीच्या मार्गांबद्दलही मागितली, हे आम्ही सांगितले तेव्हा ती पटकन म्हणाली, "कुंकळ्ळीचे नाव घेतले होते काय?" नव्हते घेतले. कोणत्याच गावाचे घेतले नव्हते. आम्ही तसे सांगितले. ती म्हणाली, "मग आपणच घ्यायला हवे होते." आम्ही निरुत्तर झालो, आणि ते तिने पाहिले याचे आम्हांस वाईट वाटले नाही.

"पण बाजू?" तिने पुन्हा विचारले.

तेव्हा आजी बोलली. आजीने इतिहासाचे पुस्तक कधी हाती धरलेले नाही. ती म्हणाली, "छत्रोत्सवाला कोण कोण जातात ते तू पाहतेस ना?" कुंकळ्ळीची शांतादुर्गा त्या धामधुमीत फातर्प्यास नेली, ती तेथेच राहिली, पण फाल्गुनात दरवर्षी ती बारा रंगीत छत्र्यांसह आपल्या जुन्या गावी येते. बारा छत्र्या बारा वांगडांच्या. त्या वांगडांत हिंदूही आहेत व ख्रिस्तीही, आणि गावचे ख्रिस्ती गावकरी त्या दिवशी गुलालात उभे राहतात. "तुझा आजा जात असे," आजी म्हणाली. "पांढरा शर्ट घालून जाई आणि लाल होऊन येई. मी धुवायची." एवढे बोलून ती पेज आणावयास उठली.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. पण हे गप्प बसणे सायंकाळच्यासारखे नव्हते. मग आम्ही तिला त्या चौदा देशी ख्रिस्त्यांतील एकाविषयी सांगितले, कारण तो तिच्या भावाहून फार मोठा नसावा. दोमिनिक हा कुंकळ्ळीचाच मुलगा. तो मडगावात पाद्र्यांकडे शिकत होता. जुन्या कॅथलिक वृत्तांतांत म्हटले आहे की, तो पाद्र्यांबरोबर हिंडे व गावची देवळे कोठे आहेत ते त्यांस दाखवी. आणि त्या दिवशी त्यास ठार केले ते त्याच्याच एका हिंदू वडीलधाऱ्या नातलगाने.

धाकटा भाऊ इतका वेळ पाटावर बसून ऐकत होता. तो यंदाच मिस्सेला वेदीसेवक म्हणून उभा राहू लागला आहे. त्याने बाजू विचारली नाही. त्याने विचारले, "मग त्या रात्री त्यांच्या घरी कोण जेवले?"

पेज वाढणाऱ्या आजीचा डाव हातात तसाच राहिला. मुलीने आपले पुस्तक मेणबत्तीपाशी ओढले, आणि दोघे भावंडे त्यात दोमिनिकचे नाव शोधू लागली.